जुन्या इंजिनाला नायट्रस : खर्च आधी कशावर करायचा?

इंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी नायट्रस ऑक्साइड वायू, म्हणजे नायट्रस, लावलं की इंजिन फुटतं, हा समज अमेरिकेतल्या हौशी मोटारवाल्यांमध्ये गेली पन्नास वर्षं टिकून आहे. इंजिनं फुटली आहेत हे खरं. पण फुटलेलं इंजिन खोलून पाहिलं, की दोष बहुतेक वेळा वायूचा निघत नाही. पेट्रोल कमी पडलेलं असतं, ठिणगी गरजेपेक्षा आधी पडलेली असते, नाहीतर इंजिन मुळातच थकलेलं असतं आणि नायट्रसची बाटली बसवण्याआधी ते कुणी तपासलेलं नसतं. जुन्या गाडीच्या बाबतीत तर हे तिन्ही दोष एकत्र भेटतात. म्हणून जुन्या इंजिनाची तयारी म्हणजे महागडे पिस्टन आणि क्रँक घालणं, हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला अपुरा वाटतो. पैसा आधी तपासणीवर, मग पेट्रोलच्या पुरवठ्यावर, मग ठिणगीवर आणि त्यानंतरच पिस्टनवर जायला हवा.

हा सगळा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एकच इंजिन डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं. शेव्हरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८ हे त्यासाठी योग्य उदाहरण आहे. १९५५ साली २६५ घनइंचांपासून हे घराणं सुरू झालं आणि १९६७ मध्ये त्यात ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन आलं. कमारोपासून पिकअप ट्रकपर्यंत ते सगळीकडे बसलं. प्रदूषणाच्या नियमांमुळे १९७१ पासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं, आणि त्या दशकाच्या मध्यावर साध्या गाडीतलं ३५० जेमतेम १४५ ते १७० अश्वशक्ती देत होतं. एवढ्या मोठ्या इंजिनातून एवढी कमी शक्ती, म्हणून त्याला बाटली जोडण्याचा मोह स्वाभाविक होता. योगायोग असा, की ८ ते ८.५ ला उतरवलेलं हेच कॉम्प्रेशन नायट्रसच्या पथ्यावर पडलं.

आधी वायूचं काम. नायट्रस ऑक्साइड स्वतः जळत नाही. सिलिंडरमधल्या उष्णतेत त्याचा रेणू तुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाने पाहिलं तर हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के, तर नायट्रसमध्ये ३६ टक्के. रेणू तुटताना थोडी उष्णताही बाहेर पडते. शिवाय बाटलीतून द्रवरूपात निघालेलं नायट्रस उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. ऑक्सिजन वाढला की त्याच प्रमाणात पेट्रोल जाळता येतं, आणि शक्ती येते ती त्या जादा पेट्रोलातून. हे एक वाक्य ध्यानात ठेवलं तर पुढची अर्धी तयारी आपोआप सुचते.

हे तंत्र मोटारींच्या आधी विमानांत आलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी जीएम-१ नावाची नायट्रस यंत्रणा लढाऊ विमानांवर वापरली आणि ब्रिटिशांनीही काही मॉस्किटो विमानांना ती बसवली. मात्र तिथे आणि मोटारीत एक मूलभूत फरक आहे. विमान खूप उंचावर गेलं की हवा विरळ होते, सुपरचार्जर कमी पडतो आणि सिलिंडरमधला दाब इंजिनाच्या क्षमतेच्या खाली येतो. नायट्रस ती तूट भरून काढत असे. मोटार जमिनीवरच्या पूर्ण दाबाच्या हवेत धावते, म्हणजे तिथे नायट्रसचा दाब मुळातल्या दाबावर चढतो. इंजिन बनवणाऱ्यांनी तो हिशेबात धरलेला नसतो.

मोटारींच्या शर्यतीत नायट्रस बरीच वर्षं लपूनछपून वापरलं गेलं. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या वेळा याच संशयावरून रद्द झाल्या. १९७८ मध्ये माइक थर्मोस आणि डेल वाझ्नाइअन यांनी कॅलिफोर्नियात ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली, आणि मोजून-मापून बनवलेली किट उघडपणे दुकानांत मिळू लागली. आज ३५० वर जी साधी पद्धत वापरतात ती प्लेटची. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये एक जाड चकती बसते. तिच्यात दोन आडव्या नळ्या असतात, एकीतून नायट्रस येतं आणि दुसरीतून पेट्रोल. दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतात, आणि किती शक्ती वाढणार ते आत बसवलेल्या जेटच्या भोकावर ठरतं. फक्त नायट्रस सोडून पेट्रोल इंजेक्टरकडून वाढवून घेणाऱ्या ‘ड्राय’ पद्धतीचा कार्ब्युरेटरच्या गाडीशी संबंध नाही. प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी देणारी पद्धत मोठ्या शर्यतींसाठी आहे, जुन्या रस्त्यावरच्या इंजिनाला तिची गरज पडत नाही.

इंजिन कुठे दुखावतं हे कळण्यासाठी थोडं गणित करावं लागेल. जेट ठरावीक असल्यामुळे दर सेकंदाला जाणारं नायट्रस जवळपास सारखंच राहतं, मग इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असो की ५५०० वर. १०० अश्वशक्तीच्या जेटमुळे ५५०० फेऱ्यांवर टॉर्क सुमारे १३० न्यूटन-मीटरने वाढतो, तर ३००० फेऱ्यांवर तो २३७ न्यूटन-मीटरने वाढतो. कारण कमी फेऱ्यांवर त्याच सेकंदाची मात्रा कमी स्ट्रोकांत वाटली जाते आणि प्रत्येक स्ट्रोकच्या वाट्याला जास्त येते. मूळ इंजिनाचा एकूण टॉर्कच साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास, त्यावर हा बोजा. म्हणून ३००० च्या खाली बटण दाबणं हा सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. रॉड वाकतात, हेड गॅस्केट जातं, आणि न जळलेलं मिश्रण मॅनिफोल्डमध्ये साचून पेटलं तर मॅनिफोल्डच फुटतं. फेऱ्यांवर लक्ष ठेवणारा विंडो स्विच आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच चालू होणारा स्विच, या दोन वस्तू काही किटमध्ये ऐच्छिक म्हणून विकतात. माझ्या मते त्यांच्याशिवाय किट बसवूच नये.

आता तपासणी, कारण जुन्या इंजिनाची खरी परीक्षा इथे होते. साधी कॉम्प्रेशन टेस्ट सगळे करतात, पण ती पुरेशी नाही. लीक-डाउन टेस्टमध्ये पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडतात आणि किती टक्के गळते ते मोजतात. शिवाय कान लावला की हवा कुठून गळते तेही कळतं. सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा तडा. आठही सिलिंडर १० टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन नायट्रसचा विचार करण्याजोगं आहे. एखादाही २० च्या वर असेल तर तिथेच थांबावं आणि इंजिनाचं काम काढावं.

गरम इंजिनावर ऑइलचा दाब किती उतरतो ते पाहावं, कारण रॉडच्या बेअरिंगवर येणारा नवा भार ऑइलच्या पातळ थरालाच पेलायचा आहे. इंजिन ऑइल खात असेल तर ती बाब किरकोळ मानू नये. ज्वलनकक्षात शिरलेलं ऑइल पेट्रोलची नॉकिंग सहन करण्याची ताकद कमी करतं आणि त्याचा कार्बन पिस्टनच्या डोक्यावर जमतो. वर्षानुवर्षं हळू चाललेल्या गाडीत हा थर चांगला जाड असतो. तो कॉम्प्रेशन थोडं वाढवतो, आणि त्याच्या कडा तापून लाल झाल्या की ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतात. हेड उतरवलेलं असेल तर हा कार्बन साफ करणं हे सर्वांत कमी खर्चाचं काम आहे.

शेव्हरोलेच्या या इंजिनात एक फसवी जागा आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. क्रँकच्या पुढच्या टोकाला बसणाऱ्या बॅलन्सरची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने जोडलेली असते. टायमिंगची खूण असते बाहेरच्या कडीवर. चाळीस-पन्नास वर्षांत रबर सुटतं, कडी काही अंश सरकते, आणि टायमिंग लाइट लावणाऱ्याला ३४ अंश दिसत असताना ठिणगी प्रत्यक्षात ४० वर पडत असते. साध्या वापरात हे खपून जातं. नायट्रसवर तेवढा फरक पिस्टन फोडायला पुरतो. प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप लावून पिस्टनचं खरं वरचं टोक शोधावं आणि खूण तिथे जुळते का ते पाहावं. खूण चुकीची निघाली तर बॅलन्सर बदलावा, अंदाजाने नवी खूण करून वेळ मारून नेऊ नये. सुटू लागलेलं रबर पुढे आणखी सरकणारच असतं.

टायमिंग चेनचंही तसंच. त्या काळी जनरल मोटर्स आवाज कमी व्हावा म्हणून अनेक इंजिनांत कॅमच्या चाकाला नायलॉनचे दात देत असे. ते झिजले, तुटले, चेन ढिली पडली की कॅमबरोबर डिस्ट्रिब्यूटरही डुलतो आणि ठिणगी प्रत्येक फेरीत थोडी इकडे-तिकडे पडते. पूर्ण स्टीलची दुहेरी चेन स्वस्तात मिळते आणि जुन्या ३५० ला ती कधीतरी लागणारच असते.

इंजिन माउंटकडे लक्ष द्यायला मी विशेष आग्रहाने सांगेन. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरोले गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण १९६० च्या दशकात बनलेल्या या गाड्यांमध्ये माउंटचं रबर फाटल्यावर इंजिन एका बाजूने उचललं जाई आणि अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा ओढून थ्रॉटल उघडाच ठेवी. त्यावर नायट्रसचा टॉर्क चढवा, म्हणजे थ्रॉटल उघडा राहतो आणि पूर्ण थ्रॉटलवर चालू होणारा स्विचही चालूच राहतो. रबर तडकलेलं दिसलं तर माउंट आधी बदलावेत.

यानंतर पेट्रोल. १०० अश्वशक्ती वाढवायची म्हणजे या इंजिनाला एरवीच्या दीडपटीहून जास्त पेट्रोल लागणार, आणि तेही बटण दाबल्याच्या क्षणी. रसायनाच्या हिशेबाने वजनाने सुमारे ९.६ भाग नायट्रसला १ भाग पेट्रोल पुरतं, पण प्लेटचे जेट मुद्दाम त्याहून बरंच जास्त पेट्रोल देतात. जादा पेट्रोल ज्वाला थंड ठेवतं. ते कमी पडलं तर उरलेला ऑक्सिजन धातूच खाऊ लागतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि ज्वलनकक्षातलं तापमान त्याच्या कितीतरी पट वर असतं. पिस्टनची कड दोन-तीन सेकंदांत वितळू शकते, चालकाच्या कानाला काही कळण्याआधीच.

जुन्या गाडीत पेट्रोल अडण्याच्या जागा अनेक आहेत. टाकीतला गंज, टाकीच्या आतली बुजलेली जाळी, आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने आतून सुटलेल्या रबरी नळ्या, आणि क्वाड्राजेट कार्ब्युरेटरच्या तोंडातच लपलेला छोटा फिल्टर. कॅमवर चालणारा मूळचा पेट्रोल पंप आणखी वेगळी अडचण आणतो. प्लेट आणि कार्ब्युरेटर एकाच नळीतून पेट्रोल घेत असतील तर सोलेनॉइड उघडताच नळीतला दाब पडतो, आणि दोन्हीकडे एकाच वेळी तुटवडा होतो. इंजिन उभं असताना मापकाने दाखवलेला दाब इथे कामाचा नाही. पेट्रोल वाहत असताना साडेपाच-सहा पौंडांचा दाब टिकतो का, ते पाहायचं. माझी शिफारस स्पष्ट आहे: नायट्रससाठी वेगळा इलेक्ट्रिक पंप, वेगळी नळी आणि वेगळा रेग्युलेटर. सोबत पेट्रोलचा दाब पडताच नायट्रस बंद करणारा सुरक्षा स्विच. घडीव क्रँकच्या किमतीच्या मानाने हा खर्च लहान आहे आणि जुन्या इंजिनाला त्याहून जास्त वाचवणारा आहे.

ठिणगीबद्दल फारसा वाद नाही. जादा ऑक्सिजनमुळे मिश्रण लवकर जळतं, म्हणून ठिणगी उशिरा द्यावी लागते. दर ५० अश्वशक्तीला २ अंश मागे, हा ठोकताळा सर्वमान्य आहे. ३५० चं पूर्ण टायमिंग साधारण ३४ ते ३६ अंश असतं, ते १०० अश्वशक्तीसाठी ३० ते ३२ वर आणावं. प्लग एक पायरी थंड घ्यावा, लांब नाकाचा टाळावा, आणि गॅप १.१ मिलिमीटरवरून ०.८ ते ०.९ वर आणावा, कारण दाट मिश्रणातून ठिणगीला उडी मारणं जड जातं. १९७५ पासून आलेला पॉइंट नसलेला डिस्ट्रिब्यूटर या कामाला पुरतो. त्याआधीच्या गाडीत पॉइंट ठेवून नायट्रस लावू नये. डिस्ट्रिब्यूटर आतून उघडून अ‍ॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा मोकळ्या हलतात का तेही पाहावं. ती गंजून अडकली असतील तर वर सांगितलेल्या अंशांना काही अर्थ उरत नाही.

सगळ्यात मोठा वाद पिस्टन आणि रिंगांचा. रिंगेच्या दोन टोकांमधली फट सिलिंडरच्या व्यासावरून ठरते. ३५० चा बोअर १०१.६ मिलिमीटर, त्यासाठी वरच्या रिंगेची नेहमीची फट सुमारे ०.४ मिलिमीटर. नायट्रससाठी ती ०.६ ते ०.७ ठेवतात, कारण वाढलेल्या उष्णतेने रिंग फुगते. तिची टोकं एकमेकांना भिडली तर ती सिलिंडरमध्ये अडकते आणि पिस्टनचा वरचा काठ उचकटून काढते. यावरून निघणारा निष्कर्ष अनेकांना उलटा वाटतो, पण मला तो पटलेला आहे: नीट सांभाळलेलं, न खोललेलं जुनं इंजिन कधीकधी नुकत्याच बांधलेल्या इंजिनापेक्षा सुरक्षित असतं. झिजेमुळे जुन्या रिंगांची फट आपोआप वाढलेली असते. धोका जास्त असतो तो गेल्या वर्षी कुणीतरी नेहमीच्या मापाने बांधून दिलेल्या इंजिनात. त्यात स्वस्तातले हायपरयूटेक्टिक पिस्टन असतील तर आणखीच. त्यांची वरची रिंग बहुधा जास्त उंचावर बसते, जास्त तापते आणि आणखी मोठी फट मागते. शिवाय हा धातू ठिसूळ असतो, नॉकिंगचे दोन-चार ठोके फोर्ज्ड पिस्टन सोसतो, हा सोसत नाही. म्हणून ‘इंजिन नवीन केलंय’ एवढ्यावर समाधान मानू नये, बांधणाऱ्याकडून फटीचं माप लिहून घ्यावं.

मेन बेअरिंगला दोन बोल्ट की चार, यावर जेवढी चर्चा होते तेवढी तिची गरज नाही. एकूण २७० अश्वशक्तीच्या इंजिनात दोन बोल्ट पुरतात. कॅम बदलायचाच असेल तर एक्झॉस्ट बाजूला जास्त वेळ देणारा घ्यावा, कारण जळलेला वायू वाढतो आणि तो बाहेर पडायला वाट हवी. पण फक्त नायट्रससाठी कॅम बदलणं लहान मात्रेत अनावश्यक आहे. नायट्रस हळूहळू वाढवणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही १०० अश्वशक्तीपर्यंत लागत नाहीत.

बाटलीकडे वळू. साडेचार किलोची बाटली ६२ ते ६५ बार दाबावर चालवावी अशी अपेक्षा असते, आणि तो दाब सुमारे ३० अंश तापमानाला मिळतो. ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही. मग घनता घसरते, जेटमधून किती वायू जातो याचा भरवसा राहत नाही, पेट्रोल मात्र ठरल्याप्रमाणेच येत राहतं. अ‍ॅरिझोनात किंवा टेक्ससमध्ये उन्हाळ्यात बंद डिकीत हे घडतं. आपल्या नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात तर सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. थंडीत बाटली गरम करायला विजेचा हीटर वापरावा, ज्योत कधीही लावू नये. बाटलीची दर ५ वर्षांनी दाबचाचणी करावी, आणि सुरक्षा चकती फुटली तर वायू गाडीच्या बाहेर जाईल अशी नळी जोडावी. मोटारीच्या नायट्रसमध्ये सल्फर डायऑक्साइड मिसळलेला असतो, तो कुणी हुंगू नये म्हणून. शुद्ध नायट्रस हुंगण्याने शरीरातलं ब-१२ जीवनसत्त्व निकामी होतं आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

भारतात हा विषय कायद्यापाशी येऊन थांबतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दाबाखालच्या वायूच्या बाटल्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय नागपुरातच आहे. बंद धावपट्टीवरच्या अधिकृत शर्यतीपुरता विचार केला तरी आपल्या जुन्या गाड्यांना अमेरिकी आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. किटवाले चार सिलिंडरच्या इंजिनासाठी ४० ते ६० अश्वशक्तीची मात्रा सुचवतात. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची स्वतःची शक्तीच ४० च्या आसपास होती. तिच्यावर तेवढीच शक्ती एकदम चढवणं म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांना दुप्पट भार देणं.

मूळ पिस्टन असलेल्या, लीक-डाउनमध्ये उत्तीर्ण झालेल्या ३५० साठी माझा निर्णय असा: सुरुवात ७५ अश्वशक्तीच्या जेटने करावी, पूर्ण थ्रॉटलवरून थेट इंजिन बंद करून आठही प्लग काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या चिनीमातीवर काळे किंवा चकचकीत कण दिसले तर ते पिस्टनचे आहेत, टायमिंग आणखी मागे घ्यावं आणि पेट्रोलचा दाब पुन्हा मोजावा. प्लग स्वच्छ निघाले तर १०० वर जावं आणि तिथेच थांबावं. किट बनवणारे स्मॉल-ब्लॉकसाठी १४० पर्यंत मुभा देतात, पण ती निरोगी इंजिनासाठी आहे, पन्नास वर्षं चाललेल्या ओतीव पिस्टनसाठी नाही. १०० च्या पुढे जायचं असेल तर आधी इंजिन खोलून फोर्ज्ड पिस्टन, योग्य फटीच्या रिंगा आणि नवे रॉड-बोल्ट घालावेत, आणि बाटली त्यानंतर विकत घ्यावी.